गणिताच्या गोळ्या

एमा ब्रॅडली सात वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण मेंदूला झालेली इजा तिला जन्मभर पुरली. टेलिफोनच्या धंद्यात कमावलेला बक्कळ पैसा वडिलांच्या गाठीशी होता, तरी अशा मुलीला नीट सांभाळणारी जागा आईवडिलांना कुठे सापडेना. शेवटी त्यांनी आपली मालमत्ता मृत्युपत्राने अशाच मुलांसाठी ठेवली, आणि १९३१ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, ईस्ट प्रॉव्हिडन्स इथे, एमाच्या नावाने मुलांचं इस्पितळ उभं राहिलं. काही वर्षांनी तिथली सूत्रं चार्ल्स ब्रॅडली या नात्यातल्याच डॉक्टरकडे आली. त्या काळी मेंदूचं चित्र काढायची रीत भयंकर होती. पाठीच्या कण्यात सुई घालून मेंदूभोवतीचं पाणी काढायचं, त्या जागी हवा भरायची आणि क्ष-किरणांनी फोटो घ्यायचा. त्यानंतर मुलांचं डोकं असह्य ठणके. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामीन, देऊन पाहिलं. डोकेदुखीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण काही मुलं एकाएकी अभ्यासाला लागल्याचं शिक्षकांच्या लक्षात आलं. मग ब्रॅडलींनी ५ ते १४ वयाची ३० मुलं निवडली. एक आठवडा नुसतं निरीक्षण, दुसऱ्या आठवड्यात रोज सकाळी गोळी, तिसऱ्यात पुन्हा गोळी बंद. १४ मुलांच्या शाळेतल्या कामात डोळ्यांत भरेल असा फरक पडला. १९३७ साली हे छापून आलं. मुलांनी तोवर या औषधाचं बारसंही उरकलं होतं. ती त्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणू लागली होती.

हे नाव नीट ऐकण्यासारखं आहे. गोळी काय करते, कुठे करते आणि किती वेळ करते याचा पहिला अचूक अहवाल ती गिळणाऱ्या मुलांनीच दिला होता. पुढच्या सहा-सात दशकांत मात्र या गोळीवरून जी भांडणं झाली, त्यांत शिक्षक बोलले, डॉक्टर बोलले, आईबाप बोलले, खासदार आणि न्यायाधीश बोलले. ज्याच्या घशाखाली ती उतरत होती त्याला सगळ्यांत शेवटी विचारलं गेलं. वयात आलेल्या मुलामुलीच्या एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्या विकारासाठी, किंवा सततच्या धाकधुकीसाठी औषध सुरू करावं का, या प्रश्नाशी आज घराघरांत आईबाप झगडतात. तो प्रश्न इतका अवघड वाटतो याचं एक कारण या इतिहासात आहे. निर्णयाची सगळी घडी सात-आठ वर्षांच्या मुलाला समोर ठेवून बसवली गेली, आणि तीच पंधरा वर्षांच्या मुलावर चढवली जाते. ती त्याच्या अंगाला बसत नाही.

ब्रॅडलींच्या शोधाकडे पंचवीसेक वर्षं कोणी फारसं फिरकलंच नाही. मूल बिघडतं ते आईच्या वागण्याने, त्यावर इलाज बोलण्याचा, असा तो काळ होता. (आपल्याकडे मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढलं तेही नेमकं १९३७ सालीच.) तिकडे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये सीबा कंपनीतल्या लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने १९४४ साली मिथाइलफेनिडेट तयार केलं. त्याची बायको मार्गरीट, लाडाने रिटा, टेनिस खेळण्याआधी ते घेई. तिच्या नावावरून औषध झालं रिटालिन. १९५४ साली ते बाजारात आलं तेव्हा गिऱ्हाईक होतं थकलेली, मरगळलेली मोठी माणसं. मुलांकडे ते वळलं १९६० नंतर, लिऑन आयझेनबर्ग आणि कीथ कॉनर्स यांच्या प्रयोगांमुळे. औषधाने फरक पडला का, हे मोजायला काहीतरी माप हवं होतं, म्हणून कॉनर्स यांनी प्रश्नावली बनवली. मूल खुर्चीत चुळबुळ करतं का, दुसऱ्यांना त्रास देतं का, हातातलं काम अर्धवट टाकतं का, असे प्रश्न, आणि पुढे ‘अजिबात नाही’पासून ‘खूपच’पर्यंत खुणा करायच्या. शिक्षकांसाठीची प्रश्नावली प्रसिद्ध झाली १९६९ साली. आईबापांसाठीची १९७० साली. किशोरवयीन मुलाने स्वतःबद्दल स्वतः भरायची प्रश्नावली त्याच घराण्यात आली ती १९९७ साली. मधली सत्तावीस वर्षं हा आजार म्हणजे दुसऱ्याला होणारा त्रास, असंच मोजलं जात होतं. जे मूल कोणाला त्रास देत नाही, नुसतं खिडकीबाहेर बघत बसतं किंवा आतल्या आत घाबरून पोट दुखतंय म्हणतं, ते या मापात सापडणार कसं? निदानात मुली मागे राहिल्या त्याचं एक कारण हेही असावं.

१९७० च्या जूनमध्ये वॉशिंग्टन पोस्टने बातमी दिली की नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात शाळेतल्या ६२,००० मुलांपैकी पाच ते दहा टक्के मुलांना वर्तन सुधारण्यासाठी औषधं दिली जात आहेत. आकडा फुगलेला होता, हे पुढे उघड झालं. पण तोवर वणवा पेटला होता. सप्टेंबरात न्यू जर्सीचे काँग्रेस सदस्य कॉर्नेलियस गॅलॅघर यांनी सुनावणी घेतली. मुद्दा होता सरकारी पैशाने चाललेल्या या प्रकारात कुटुंबाच्या खाजगीपणाचं काय. १९७१ साली डॅनियल फ्रीडमन यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने औषधाचा उपयोग मान्य केला आणि सोबत बजावलं की शाळेने पालकांवर दबाव आणता कामा नये. दबाव होता, म्हणून तर बजवावं लागलं. त्यानंतर तीस वर्षं लढाई याच एका रेषेवर चालली. न्यू हॅम्पशायरमधल्या डेरी या गावी, औषध घेतल्याशिवाय मुलाला वर्गात घेणार नाही, अशी अट शाळेला घालता येणार नाही, असा निकाल केंद्रीय न्यायालयाने १९९१ साली दिला. २००१ साली कनेटिकट राज्याने शाळेच्या कर्मचाऱ्यांना अशी औषधं सुचवायलाच मनाई केली. २००४ साली विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात कलम आलं: नियंत्रित औषधाची चिठ्ठी आणा मगच शाळेत या, असं म्हणता येणार नाही. आईबापांनी लढाई जिंकली आणि ती जिंकायलाच हवी होती. पण लढाईचं रणांगण म्हणजे मूल होतं, आणि रणांगणाला कोणी मत विचारत नाही.

मुलाला न विचारण्याला एक वैद्यकीय सबबही होती. वयात आलं की हा आजार आपोआप जातो, असा जवळपास सार्वत्रिक समज होता. त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या सुमाराला औषध बंद करण्याची रीतच पडली होती. पंधरा वर्षांच्या मुलाला काय विचारायचं हा प्रश्न कोणाला पडला नाही, कारण पंधराव्या वर्षी गोळीच नसे. हा समज मोडला तो मुलांच्या मागे वर्षानुवर्षं चिकाटीने राहणाऱ्या संशोधकांनी. माँट्रियलमध्ये गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन यांनी चंचल म्हणून नोंदलेली मुलं मोठी होईपर्यंत पाहिली. १९८६ साली त्यांचं पुस्तक आलं तेव्हा दिसलं की धावपळ कमी होते, पण विसरभोळेपणा, उतावळेपणा आणि काम अर्धवट टाकणं यांतलं बरंच काही कित्येकांच्या बाबतीत तसंच राहतं. म्हणजे मूल मोठं झालं तरी निर्णय संपत नाही; तो फक्त मोठ्या मुलाच्या घरी जाऊन बसतो.

गोळीच्या घडणीनेही निर्णय कोणाच्या हातात राहील ते ठरवलं. साध्या रिटालिनचा असर सुमारे चार तास टिके, त्यामुळे दुसरी गोळी मधल्या सुट्टीच्या आसपास, शाळेतच, घ्यावी लागे. अमेरिकी शाळांत परिचारिकेच्या खोलीबाहेर दुपारी रांग लागे. नाव लिहिलेली बाटली, कागदी पेल्यात पाणी, गोळी गिळल्याची नोंद. रांगेत कोण उभं आहे ते सगळ्या वर्गाला दिसे. आठ वर्षांच्या मुलाला त्याचं काही वाटत नसेल, पण चौदाव्या वर्षी त्या रांगेत उभं राहण्यापेक्षा नापास होणं पत्करणारी मुलं असतात, यात नवल नाही. २००० साली दिवसभर टिकणारी गोळी आली. तिच्या कठीण कवचाला लेझरने पाडलेलं एक बारीक भोक असतं. पोटातलं पाणी कवचातून आत शिरतं, आतला थर फुगतो आणि औषध त्या भोकातून बारा तास थोडं थोडं बाहेर ढकललं जातं. रिकामं कवच तसंच शरीराबाहेर पडतं. या एका भोकाने शाळेची रांग मोडली आणि गोळी घरच्या न्याहारीच्या टेबलावर आली. ती आता आईच्या ताब्यात होती. आणि आईच्या नजरेआड ती रुमालात गुंडाळणं, दप्तराच्या खालच्या कप्प्यात साठवणं किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राला देणं हे मुलाच्या ताब्यात होतं. कंपन्यांनाही घरातला हा बदल उमगला होता. मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅम्फेटामीन १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात कडक निर्बंधांच्या यादीत आहेत, आणि अशा औषधांची जाहिरात सामान्य लोकांपुढे करू नये असं तो करार सांगतो. तरी २००१ साली अमेरिकेतल्या बायकांच्या मासिकांत अशा जाहिराती झळकल्या. जाहिरातीतला मुलगा लहान, गोड आणि आईला बिलगलेला. तारवटलेला पंधरा वर्षांचा पोरगा कुठल्या जाहिरातीत असणार!

चिंतेच्या औषधांची गोष्ट वेगळ्या वाटेने याच दाराशी येते. शाळेत जायच्या विचारानेच गारठणाऱ्या मुलांना इमिप्रामीन देऊन पाहिल्याचा नियंत्रित प्रयोग रेचेल आणि डोनाल्ड क्लाइन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला होता, पण त्यात कोणी मोठं वादळ पाहिलं नाही. २००३ साली ब्रिटनच्या औषध नियामकाने पॅरॉक्सेटीन हे चिंतेवरही दिलं जाणारं औषध १८ वर्षांखालच्या मुलांना नैराश्यासाठी देऊ नये असं सांगितलं, तेव्हा वादळ उठलं. २००४ साली अमेरिकेत त्याच गटातल्या औषधांवर दोन सार्वजनिक सुनावण्या झाल्या. माईकपुढे आईबापांची रांग होती. औषध सुरू झालं आणि मूल गेलं असं सांगणारे होते, आणि औषध नसतं तर मूल राहिलं नसतं असं सांगणारेही होते. २४ प्रयोगांतल्या ४,४०० हून अधिक मुलांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत सुमारे २ टक्के निघालं. त्या प्रयोगांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. ऑक्टोबरात पाकिटावर काळ्या चौकटीतला इशारा आला. त्याबरोबर सल्लाही होता: पहिले चार आठवडे दर आठवड्याला मुलाला समोरासमोर तपासा, मग पंधरवड्याने. उरलेल्या सहा दिवसांचं काय? ते अर्थात घरच्यांवर आले. मुलावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवण्याचं काम नियामकाने आईबापांच्या पदरी टाकलं, आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तो बंद खोलीत, मोबाइलच्या उजेडात. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. ते त्याने सांगावं लागतं, आणि ज्याला निर्णयात घेतलं नाही तो सहसा सांगत नाही. माझ्या मते काळ्या चौकटीचा सगळ्यांत व्यवहारी अर्थ हाच आहे, जरी तो तिच्यात छापलेला नाही.

यावर पहिला आक्षेप कंपन्यांवरून येतो: हे आजार खरे नव्हेत, विकण्यासाठी उभे केले गेले, मग मुलाला विचारून तरी काय होणार? जाहिरातबाजी झाली, निदानं सैल हाताने झाली, हे मान्य करायलाच हवं. पण मूळ निरीक्षणं जाहिरातींच्या कितीतरी आधीची आहेत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एमटीए नावाच्या मोठ्या अमेरिकी प्रयोगात ७ ते ९ वर्षांची ५७९ मुलं १४ महिने होती. काळजीपूर्वक दिलेलं औषध मुख्य लक्षणांवर नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. त्या मुलांतल्या सुमारे एक तृतीयांशांना चिंताविकारही होता आणि अशा मुलांना वर्तनोपचाराचाही चांगला उपयोग झाला. मात्र तीन वर्षांनंतर गटागटांतला फरक पुसला गेला, आणि सतत औषध घेणाऱ्या मुलांची उंची थोडी कमी भरली. चिंतेबाबत २००८ सालचा ४८८ मुलांचा प्रयोग पाहावा. सरट्रालीन आणि बोलण्याचा उपचार दोन्ही मिळालेल्यांत ८१ टक्के सुधारले, नुसत्या बोलण्याच्या उपचाराने ६०, नुसत्या गोळीने ५५ आणि खोट्या गोळीने २४ टक्के. हे आकडे गोळीला खोटं पाडत नाहीत, तिला देवही करत नाहीत. आज लागू पडलेलं औषध तीन वर्षांनी तितकंच लागू असेल, असं ते म्हणत नाहीत. म्हणजे निर्णय एकदाच घेऊन कपाटात ठेवायचा नाही; तो दर वर्षी पुन्हा मांडावा लागतो, आणि दर वर्षी समोरचं मूल एका वर्षाने मोठं असतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. पुढचं न दिसणं हेच ज्याच्या दुखण्याचं लक्षण, त्यालाच पुढचा निर्णय कसा सोपवायचा? आणि चिंतेने पछाडलेली मुलगी तर प्रत्येक नव्या गोष्टीला, गोळीलाही, ‘नको’च म्हणणार. यावर उत्तर शोधायला अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचं १९९५ सालचं निवेदन उपयोगी पडतं. त्याची मुळं मुलांवरच्या संशोधनाविषयीच्या १९७७ सालच्या एका राष्ट्रीय आयोगाच्या अहवालात आहेत. अकादमीने शब्दांची फोड केली: संमती ही ज्याची त्यानेच द्यायची, म्हणून आईबाप देतात ती संमती नव्हे, परवानगी, आणि मूल देतं तो होकार. परवानगी आईबापांचीच राहते, पण होकार मागितल्याशिवाय काम पुरं होत नाही. विलक्षण भाग असा की ज्याच्या नकाराला आपण मान देणारच नाही त्याचं मत विचारण्याचं नाटक करू नये, असंही निवेदन बजावतं. आपल्याकडे ‘तुझं काय म्हणणं आहे?’ असं विचारून आधीच ठरलेलं पुढे रेटण्याची हातोटी घराघरांत आहे; तिच्या वर्मावर हे बोट आहे. शेवटी गोळी गिळायची ती त्याच्या हाताने. किशोरवयात औषध अर्ध्यावर सोडण्याचं प्रमाण वाढतं, आणि ज्याचं कारण कोणी समजावलं नाही ते तो सोडणारच.

आमच्या घरांत असं चालत नाही, इथे मोठे ठरवतात, हा तिसरा आक्षेप आपल्या बाजूचा. कायदा अर्धा त्याच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीचा नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणजे तिचे पालकच. मिथाइलफेनिडेट अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली नियंत्रित असल्याने ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही, आणि त्या शोधात मोठी माणसंच पायपीट करतात. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या, तेव्हापासून नववी-दहावीच्या तोंडावर तपासणीसाठी येणारी कुटुंबं पुष्कळ. तिथे घड्याळ बोर्डाचं असतं, मुलाचं नसतं. तरीही भारताने १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्क कराराच्या १२ व्या कलमात मुलाचं मत त्याच्या वयानुसार विचारात घेण्याची हमी आहेच. आणि मोठे ठरवतात हे खरं असलं तरी मोठ्यांनी कधी ठरवायचं यात फरक करता येतो: दहावीचं वर्ष संपवण्यापुरती घाईघाईने सुरू झालेली गोळी मे महिन्यात तितक्याच मुकाट्याने बंद होते, आणि मुलाच्या हिशेबी ती अभ्यासाची शिक्षा ठरते.

एक भेद मात्र आईबापांनी मुलाशी बोलण्याआधी पक्का करायला हवा. या दोन औषधांत होकाराचं स्वरूपच निराळं आहे. चिंतेवरच्या सरट्रालीनसारख्या गोळीला गुण यायला आठवडे लागतात, ती मधेच एकदम तोडता येत नाही, आणि सुरुवातीला अस्वस्थता वाढूही शकते. तिथे मुलाने काही आठवड्यांचा शब्द द्यायचा असतो, आणि आईबापांनी ‘वाईट विचार आले तर मला सांगितल्याबद्दल तुला कोणी रागावणार नाही’ हा शब्द द्यायचा असतो. एडीएचडीच्या उत्तेजक गोळीचा असर तासाभरात दिसतो आणि रात्रीपर्यंत ओसरतो. भूक मंदावते, डबा तसाच परत येतो, रात्री दहाला मात्र पोळीभाजी हवी असते. छाती धडधडली तर ती गोळीची की परीक्षेची, हे मुलालाच ओळखायला शिकवावं लागतं. पण या गोळीची परीक्षा घेता येते, आणि ती कशी घ्यायची ते ब्रॅडलींनी १९३७ सालीच दाखवलं: एक आठवडा गोळीशिवाय, एक गोळीसह, एक पुन्हा गोळीशिवाय. आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली हेच करता येतं. ईस्ट प्रॉव्हिडन्सला वही नर्सच्या आणि शिक्षकांच्या हातात होती. आता ती पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात देता येते: डबा किती संपला, झोप कधी लागली, गणितं किती सुटली, आणि गोळीच्या दिवशी आपण आपल्याला कसे वाटलो. या शेवटच्या रकान्यात काय लिहायचं ते त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नसतं.